ऑडिओ सीडी रिप करण्यासाठी एक्स्टर्नल ड्राइव्ह घेताना या चुका टाळा

आजच्या बहुतेक लॅपटॉपना डिस्क ड्राइव्ह नसल्यामुळे कपाटातील नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या सीडी संगणकात उतरवायच्या, म्हणजेच रिप करायच्या झाल्यास यूएसबीवर चालणारा एक्स्टर्नल ड्राइव्ह विकत घ्यावा लागतो. खरेदी करताना पहिली नजर खोक्यावरील वेगाच्या आकड्याकडे जाते आणि पहिली चूकही तिथेच होते. ऑडिओ सीडीवर एका सेकंदासाठी ७५ सेक्टर (माहितीचे छोटे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात, म्हणजे मूळ वेगाने सेकंदाला १,७६,४०० बाइट एवढेच वाचायचे असते. पातळ ड्राइव्हचा २४ पट वेग धरला तरी हा आकडा सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास जातो, आणि त्याला यूएसबी २.० ऐसपैस पुरते. शिवाय तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळच मिळतो. सीडी आतून बाहेर वाचली जात असल्यामुळे पहिले गाणे शेवटच्यापेक्षा सावकाश उतरते, आणि हा बिघाड नव्हे. ब्लू-रेसाठी जादा पैसे मोजल्यानेही गाणे अधिक चांगले उतरत नाही.

खरी अडचण विजेची असते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर एवढा प्रवाह अपेक्षित असतो, तर डिस्क फिरू लागताना मोटर क्षणभर त्याहून अधिक ओढू शकते. माझा पहिला ड्राइव्ह सीडी आत घेई, दोनदा घरघर करी आणि टक् टक् असा आवाज करून गप्प बसे. तो परत करण्याच्या तयारीने मी खोकेसुद्धा शोधून ठेवले होते. मात्र हबमधून (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडणाऱ्या डबीतून) काढून आखूड केबलने थेट लॅपटॉपला जोडताच तीच सीडी विनातक्रार वाचली गेली. म्हणून ड्राइव्हला दोष देण्याआधी हब आणि लांब केबल बाजूला ठेवून पाहावे. शेकडो सीडी उतरवायच्या असतील, तर डेस्कटॉपचा मोठा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली केसिंग घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी ती जोडी टेबलावर बोजड दिसली तरी.

संगणकाची फाइल नीट वाचली गेली म्हणजे ड्राइव्ह ऑडिओसाठीही चोख आहे, हा समज सर्वांत फसवा आहे. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती असते. ऑडिओ सीडीवर मूळची दुरुस्तीव्यवस्था असली तरी हा दुसरा पहारा नसतो, त्यामुळे न जुळलेल्या जागी ड्राइव्ह अंदाजाने पोकळी भरतो आणि पुष्कळदा त्याची खबरही देत नाही. त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवरील एक्सएलडी यांसारखे प्रोग्राम तोच भाग पुन्हा वाचून ताडून पाहतात. मात्र ड्राइव्ह पहिल्या वाचनाची नक्कल आपल्या कॅशेमधूनच (तात्पुरत्या साठवणीतूनच) पुढे करत असेल, तर दोन्ही वाचने जुळतात आणि चूक तशीच राहते. नवा ड्राइव्ह आल्यावर प्रोग्रामकडून त्याची कॅशे आणि सी-टू त्रुटी (म्हणजे त्याला दुरुस्त न करता आलेल्या चुका) दाखवण्याची क्षमता तपासून घ्यावी, आणि हे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करावे.

ऑफसेटचा बाऊ मात्र करू नये. ऑफसेट म्हणजे ड्राइव्ह ठरावीक नमुन्यांनी (आवाजाच्या सूक्ष्म मापांनी) पुढे किंवा मागे वाचतो तो फरक. ६६७ नमुन्यांचा फरकदेखील सेकंदाच्या सुमारे ६६ व्या भागाएवढा असतो आणि प्रोग्राममध्ये एकदा आकडा भरला की तो दुरुस्त होतो. आपली रिप अचूक आहे की नाही, हे अॅक्युरेटरिप या, इतरांच्या रिपचे आकडे जपणाऱ्या ऑनलाइन साठ्याशी ताडता येते, परंतु जुन्या मराठी सीडीची नोंद तिथे सापडेलच असे नाही. अशा वेळी तीच सीडी दोनदा उतरवून दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (फाइलमधील माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळतात का, हे पाहावे.

आकडे जुळत नसतील, तर वेग कमी करावा आणि डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. छापील बाजूचा ओरखडा पुसून जात नाही, कारण परावर्तक थर तिथल्या पातळ वार्निशाखालीच असतो. एवढे करूनही गाणे अडलेच, तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हमध्ये ती सीडी घालून पाहावी. एकाने नाकारलेली सीडी दुसरा कित्येकदा निमूटपणे वाचतो, आणि म्हणूनच एक महाग ड्राइव्ह घेण्यापेक्षा वेगवेगळ्या बनावटीचे दोन साधे ड्राइव्ह जवळ ठेवणे मी पसंत करतो.