सुगी लाकडावर काम शिकताना

जपानी सुतारकाम शिकायला निघालेल्यांना मी आग्रहानं सांगते, सुरुवात सुगीवर, म्हणजे जपानातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडावर करा. सागवानाची सवय असलेल्याला ही फळी उचलताच पोकळ वाटते. सुकलेल्या सुगीची घनता पाण्याच्या ०.३८ पट, सागवानाची साधारण ०.६५ पट. नख दाबलं तरी वळ उठतो. एवढं मऊ म्हणजे काम सोपं, असं नवख्यांना वाटतं आणि तिथेच ते अडकतात.

सुगीच्या प्रत्येक वलयात वसंतात वाढलेला मऊ पट्टा असतो आणि त्याला लागून कडक, गडद रेघ. पटाशी जराही बोथट असली की मऊ पट्टा कापला न जाता चेपतो आणि तंतू उपटून येतात. फळीच्या टोकाकडून कापताना तर लगेच दिसतं. म्हणून सुरुवातीला रंध्यापेक्षा धारेच्या दगडाला जास्त वेळ द्या. उत्तम धारेनं रंधलेल्या सुगीला अशी चकाकी येते की पॉलिश पेपर लागतच नाही. लावूही नका, मऊ भाग आधी झिजतो आणि फळी उंचसखल होते.

चेपण्याच्या याच गुणाचा जपानी सुतार उपयोग करतात. सांध्याची कूस, म्हणजे खाचेत जाणारं टोक, हातोडीनं हलकेच ठोकून बारीक करायची आणि खाचेत बसवायची. ओलावा मिळाला की ती फुगते आणि सांधा घट्ट होतो. या पद्धतीला किगोरोशी म्हणतात. पृष्ठभागावर पडलेला छोटा खड्डाही पाण्याच्या थेंबानं बराच वर येतो.

फळी कशी चिरली आहे, हे बघायची सवय लावा. मासामे म्हणजे सरळ समांतर रेषांची फळी. ती वाफ शोषते, म्हणून भात ठेवायच्या लाकडी भांड्यांना चांगली. इतामे म्हणजे डोंगरासारख्या रेषांची. तिच्यातून द्रव सहसा झिरपत नाही, म्हणून साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची पिंपं तिची. पिंपांसाठी नारा प्रांतातल्या योशिनोच्या सुगीचं मोठं नाव आहे. तिथे रोपं दाट लावतात, झाड सावकाश वाढतं आणि वलयं बारीक, एकसारखी येतात. आकिता प्रांतातल्या ओदातेमध्ये पातळ फळ्या गरम पाण्यात मऊ करून वाकवतात, चेरीच्या सालीनं शिवतात आणि जेवणाचे डबे करतात.

टेबलाच्या वरच्या फळीला किंवा जिथे स्क्रूवर भार येतो तिथे मात्र सुगी नको.

भारतात सराव करायचा असेल तर दार्जिलिंगच्या डोंगरात हेच झाड धुपी नावानं वाढतं. बिनगाठीची, बारीक वलयांची फळी निवडा आणि आधी झाकणाची छोटी पेटी करा, स्क्रू न लावता.