डायनासोरांच्या काळातले बेडूक शिकायचेत? कमरेच्या हाडापासून सुरुवात करा

"जीवाश्म बेडकांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं एमएस्सीची मुलं विचारतात, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: आजच्या बेडकाचा सांगाडा पाठ करा. त्यातही इलियम, म्हणजे कमरेचं लांब हाड.

कारण अख्खा बेडूक दगडात क्वचितच मिळतो. मुंबईत वरळीच्या टेकडीत मिळाले, ते नशीबच. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेननं 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना इंडोबॅट्राकस म्हणतात. (ते थर डायनासोर संपल्यानंतरचे मानले जातात, तोंडी परीक्षेत घोटाळा नको.) एरवी, तेलंगणातल्या नस्कलसारख्या ठिकाणी लाव्ह्याच्या थरांमध्ये जुना गाळ अडकलाय, तिथे हाती येतात ती काही मिलिमीटरची सुटी हाडं. गाळ पोत्यांनी आणायचा, वाळवायचा, भिजवायचा, बारीक चाळण्यांवर धुवायचा. चाळणीवर उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्यानं निवडत बसायचं. त्यातही माशांचेच तुकडे जास्त. मान आखडते, डोळे चुरचुरतात. हे जमणार नसेल तर विषय बदला, उगाच पीएचडीची वर्षं घालवू नका.

पण इलियम सापडलं की दिवस सार्थकी लागतो! लांब दांडा, एका टोकाला मांडीचं हाड बसायची खोबण, तिच्या वरच्या अंगाला उंचवटा. उंचवटा केवढा, दांड्यावर कड आहे का, यावरून कुळाचा अंदाज बांधता येतो. एका तुकड्यावरून नवी जात जाहीर करायचा मोह मात्र आवरा. एकाच जातीच्या लहानमोठ्या बेडकांतही हे हाड बदलतं.

उडीचा इतिहासही इथेच वाचता येतो. मादागास्करच्या सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायाडोबॅट्राकस या बेडकासारख्या प्राण्याचं इलियम लांबू लागलं होतं, पण कमरेच्या पुढे 14 मणके आणि मागे आखूड शेपटी होतीच. आजच्या बेडकांत ते मणके नऊच्या वर जात नाहीत. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या प्रोसॅलिरस या ज्युरासिक काळातल्या बेडकाची कंबर उडी मारण्याजोगी झालेली दिसते.

2017 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार आजच्या सुमारे 88 टक्के बेडूकजाती ज्या तीन वंशांतल्या, ते डायनासोर संपले त्याच सुमारास फोफावले. दख्खनचे लाव्हाथर नेमके त्या काळाच्या अलीकडचे-पलीकडचे. तिथल्या हाडांत आजच्या वंशांचे नातलग ओळखायचे तर तुलना लागतेच. म्हणून मार्गदर्शक निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे तुलनेसाठी आजच्या बेडकांचे सांगाडे आहेत का? नसतील, तर प्राणिशास्त्र विभागाशी किंवा एखाद्या संग्रहालयाशी आधी ओळख काढा.