सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) नायट्रोजन, फॉस्फरस कसा कमी करायचा

बीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा रिपोर्ट चांगला आला की कमिटी खूश होते, पण अमोनिया (नायट्रोजनचं रूप) आणि फॉस्फेट (फॉस्फरसचं रूप) कोणी बघतच नाही, आणि पवई तलावात जलपर्णी माजते ती याच खतावर. मुंबईतल्या ज्या सोसायट्यांचा स्वतःचा एसटीपी आहे त्यांनी हे मनावर घ्यायलाच हवं.

आधी अमोनिया. एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडायच्या टाकीत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिग्रॅच्या आसपास ठेवा, वीजबिल वाचवायला रात्रभर ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) बंद करू नका. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार हळू वाढतात, त्यामुळे गाळ भराभर काढला तर तेच वाहून जातात. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमट असतं म्हणून गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, ८-१० दिवस राहिलं तरी साधारण भागतं. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन साधारण ७ मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खातो, म्हणून पीएच ७ च्या खाली घसरायला लागला तर सोडा घाला.

पण नायट्रेट झालं म्हणजे नायट्रोजन गेला असं नाही हं. एरेशनच्या आधी एक बिनहवेची टाकी लागते, तिला अ‍ॅनॉक्सिक म्हणतात, तिथे फक्त मिक्सर फिरवायचा, आणि एरेशनमधलं पाणी येणाऱ्या सांडपाण्याच्या तिप्पट-चौपट परत तिथे आणायचं. कच्चं सांडपाणीही तिथेच सोडायचं कारण नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंना त्यातलंच खाद्य लागतं. खर्ची पडलेली निम्मी अल्कलिनिटी इथे परत मिळते ती वेगळीच. जागा नसेल तर टायमर लावून ब्लोअर थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद, मिक्सर मात्र चालू, असंही करतात.

हे जमतंय का ते बघायला एरेशनमधलं पाणी लिटरच्या काचेच्या नळीत भरा, अर्ध्या तासाने गाळ किती बसला ते लिहून ठेवा, पण नळी लगेच ओतून टाकू नका. तास-दोन तासांत बसलेल्या गाळाचे गोळे बारीक बुडबुडे घेऊन वर यायला लागले तर तो नायट्रोजन वायू, म्हणजे नायट्रेट अजून शिल्लक आहे आणि क्लॅरिफायरमध्येही (गाळ खाली बसवायच्या टाकीत) हेच होणार. मग परतीचं पाणी वाढवा, क्लॅरिफायरमधला गाळही लवकर उचला.

फॉस्फरसचं अवघड, तो हवेत उडत नाही, गाळातूनच बाहेर पडतो. त्यासाठी अ‍ॅनॉक्सिकच्याही आधी आणखी एक टाकी, जिथे हवा नाही आणि नायट्रेटही नाही. तिथे जिवाणू फॉस्फेट सोडतात म्हणून ते उलट वाढलेलं दिसेल, घाबरू नका, तेच जिवाणू एरेशनमध्ये सोडलं त्याहून जास्त शोषतात. जादाचा गाळ रोज काढा आणि त्याच दिवशी फिल्टर प्रेसला (गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या यंत्राला) लावा, साठवून ठेवलात की फॉस्फरस पुन्हा पाण्यात. तरी उरला तर तुरटी.

जूनच्या आधी चेंबरची झाकणं बघून घ्या, पावसाचं पाणी शिरलं की खाद्य पातळ होतं. आणि काही झालं तरी कोणालाही टाकीत उतरवू नका, आतला वायू जीव घेतो.