फ्रेंचमध्ये एम.ए. करू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांना तोटा नाही. बारावीला चांगले गुण देणारा विषय म्हणून कोणी ती घेते, कोणी रानडे इन्स्टिट्यूटमधला प्रमाणपत्र अभ्यासक्रम करते, तर कोणी आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए-वन या प्राथमिक पातळीपासून बी-टू या वरच्या पातळीपर्यंत पोहोचते. त्यातल्या काहींच्या मनात पुढे एम.ए.चा विचार येतो. माझ्याही आला होता. अशांनी एवढे लक्षात घेऊनच प्रवेश घ्यावा की, विद्यापीठात भाषा येते असे गृहीत धरले जाते आणि त्या भाषेतून साहित्य, समाज व इतिहास शिकवला जातो.

पहिली अडचण येते ती मात्र व्याकरणाचीच. बी-वनपर्यंत भूतकाळातले बहुतेक सारे सांगायला पासे काँपोझे आणि अँपार्फे हे दोन काळ पुरतात, पण एकोणिसाव्या शतकातली कादंबरी उघडली की पानोपानी पासे सँप्ल भेटतो. रोजच्या बोलण्यात हा काळ जवळजवळ वापरलाच जात नाही, त्यामुळे संभाषणात तरबेज असलेला विद्यार्थीही ‘व्ही’ या रूपाशी अडतो, कारण ते ‘जगतो’ या अर्थाचा वर्तमानकाळ असू शकते किंवा ‘पाहिले’ या अर्थाचा पासे सँप्ल. हा काळ लिहिता आला नाही तरी चालते. वाचताना ओळखता आला म्हणजे झाले. त्यासाठी क्रियापदांचे तक्ते पाठ करत बसण्यापेक्षा पन्नास-साठ पाने नेटाने वाचणे अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

त्याहून कठीण असते ती लेखनाची पद्धत. आपल्याकडे साहित्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लेखकाचा परिचय, कथानक आणि शेवटी रसग्रहण, अशी सवय लागलेली असते. कॉमाँतेर काँपोझे, म्हणजे उताऱ्याचे मुद्देसूद विवेचन, यात यातले फारसे काही चालत नाही. वीस-पंचवीस ओळींचा उतारा पुढे ठेवला जातो. त्यात कोण बोलते आहे, काळ कोठे बदलतो, वाक्ये कोठे तुटतात हे पेन्सिलीने खुणा करत पाहायचे, त्यातून एकच नेमका प्रश्न उभा करायचा आणि दोन किंवा तीन भागांत, प्रत्येक विधानाला उताऱ्यातल्या शब्दांचा आधार देत, त्याचे उत्तर बांधायचे. पहिले काही महिने वह्या लाल शाईने भरून परत येतात आणि ते सर्वांच्याच वाट्याला येते. एकदा ही शिस्त अंगी बाणली की मराठी कविताही वेगळ्या नजरेने वाचली जाते, हा अनपेक्षित लाभ.

अभ्यासाचा खरा गाभा मला फ्रान्सबाहेरच्या फ्रेंचमध्ये सापडला. आल्बेर काम्यू यांची १९४२ सालची ‘लेत्राँजे’ ही कादंबरी बहुतांशी पासे काँपोझेमध्ये असल्याने सुरुवातीला सोयीची वाटते, पण तीत मारल्या गेलेल्या अल्जीरियन अरबाला नावच नाही, याकडे पहिल्या वाचनात फारसे लक्ष जात नाही. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने त्या मृताच्या भावाला निवेदक करून प्रतिकादंबरी लिहिली आणि त्या अरबाला मूसा हे नाव दिले. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचली की वसाहतीचा इतिहास, भाषेवरचा हक्क आणि फ्रँकोफोन, म्हणजे फ्रान्सबाहेरचे फ्रेंच, साहित्य वेगळे का शिकवतात, हे सारे कळू लागते. सेनेगलचे सेंघोर आणि मार्टिनिकचे एमे सेझेर यांच्या कवितांकडे त्यानंतर वळावे.

मराठी विद्यार्थ्याला तर मॉरिशस हा जवळचा विषय आहे. १८१० साली बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी फ्रेंच आणि फ्रेंचपासून घडलेली क्रिओल या भाषा तेथे टिकून राहिल्या. १८३४पासून जे गिरमिटिये मजूर नेले गेले त्यांत मराठी माणसेही होती आणि तेथे आजही मराठी शिकवली जाते. नताशा अपाना यांची २००३ सालची ‘ले रोशे द पुद्र दॉर’ ही याच मजुरांवरची फ्रेंच कादंबरी आहे. शोधनिबंधाला विषय हवा असेल तर पॅरिसच्या आधी इकडे पाहावे. मराठी आणि फ्रेंच दोन्ही येणे ही येथे खरी जमेची बाजू ठरते.

नोकरीचे थोडक्यात सांगते. अध्यापन, भाषांतर आणि युरोपीय ग्राहक सांभाळणाऱ्या कंपन्या हे नेहमीचे मार्ग आहेत. कंपन्या पदवीइतकीच, किंबहुना अधिक, देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची पातळी विचारतात, म्हणून एम.ए. करतानाच बी-टू देऊन टाकावी. चार कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि कोणत्याही कौशल्यात पाचांहून कमी मिळून चालत नाही. प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहेच. फ्रेंच हा तिच्यातला स्वतंत्र विषय आहे.

एम.ए.ला बसलेल्यांचे बहुधा श्रवण कच्चे राहते, कारण सारा वेळ वाचन-लेखनात जातो. त्यावर आरएफआय या फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे रोजचे बातमीपत्र चांगले आहे. ते आधी नुसते ऐकावे आणि मग लिखित मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकावे. आफ्रिकेच्या बातम्याही त्यात असतात, त्यामुळे वर्गातले विषयही कानावर पडत राहतात.