चाकं घुमतात, गाडी जात नाही: ट्यूनिंगच्या कामात येऊ बघणाऱ्यांसाठी

भोसरीच्या बाजूला मी बरीच वर्षं टर्बो पेट्रोल गाड्या खोलतोय. कामाला येणाऱ्या नव्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रिमॅपनंतर किती हॉर्सपॉवर निघेल?" रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं. मी उलट विचारतो, टायर कुठले आहेत? यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. पण या धंद्यात टिकायचं असेल तर गाडीकडे रस्त्याकडून इंजिनाकडे बघायची सवय लावावी लागते. उलट्या क्रमाने बघणारे खूप आहेत आणि त्यांनी बनवलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात आमचा बराच वेळ जातो.

हिशेब कागदावर करून बघा. पुढच्या चाकांवर चालणारी १४०० किलोची गाडी धरू, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या आसपासची. उभी असताना साठ टक्के वजन पुढे, म्हणजे ८४० किलो. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसते आणि पुढचा भाग हलका होतो. गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हे गुणोत्तर अशा गाडीत साधारण ०.२ येतं. ०.५ जी दराने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वेगवाढीचा दर) गाडी सुटली तर १४०० × ०.२ × ०.५, म्हणजे पुढचे १४० किलो मागे जातात, उरतात ७००. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक १ धरला, तर गाडी ओढायला मिळालं ७०० किलोंचं बळ. १४०० किलोला ७०० म्हणजे पुन्हा ०.५ जी. या दराने शून्य ते शंभर गाठायला ५.७ सेकंद लागतात. बॉनेटखाली २३० हॉर्सपॉवर असो की ५००, त्या टायरवर याहून कमी वेळ येणार नाही.

आता इंजिनाच्या बाजूने या. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्या, टॉर्क (इंजिनाचं पिळणारं बळ) ३५० न्यूटन मीटर. पहिल्या गियरमध्ये फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधली शेवटची गियर जोडी) धरून तो साधारण तेरा पट होतो. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर, वाटेतली गळती वजा केली, तरी टायरपाशी साडेबाराशे किलोंच्या आसपास बळ पोचतं. टायरची ऐपत ७००. दुसऱ्या गियरमध्येही मागणी थोडी जास्तच. तिसऱ्यात कुठे ती साडेपाचशेच्या खाली येते. म्हणजे कंपनीतून आलेली गाडीच पहिल्या दोन गियरमध्ये टायरला भारी आहे. तुम्ही वाढवलेला टॉर्क तिसऱ्यापासून पुढे कामाला येतो, तोही साधारण ४५० न्यूटन मीटरपर्यंत. सिग्नलवरून सुटताना मागे पडणारी गाडी ऐंशीच्या वेगानंतर सगळ्यांना मागे टाकते, ती यामुळेच. ग्राहकाला यातलं नेमकं काय हवंय हे आधी विचारून घ्या.

बीएमडब्ल्यूची एम३४०आय एक्सड्राइव्ह २०२१ मध्ये भारतात आली. ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, आणि शून्य ते शंभरला कंपनीच ४.४ सेकंद सांगते. तिथे चारही चाकं ओढतात. वजन पुढून मागे गेलं तरी ते ओढणाऱ्या चाकांवरच राहतं. अशा गाडीवर पॉवर वाढवणं सोपं आहे, खिशाला जड आहे एवढंच. खरी विद्या पुढच्या चाकांच्या गाडीवर शिकायला मिळते.

त्यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे व्हील हॉप. सुटताना पुढून धडधडधड असा आवाज येतो आणि डॅशबोर्ड हादरतो. टायर पकडतो, तेवढ्यात इंजिन माउंट आणि लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचे) रबरी बुश पिळले जातात. टायर सुटतो, पिळलेलं रबर उलटं झटकतं, टायर पुन्हा पकडतो. सेकंदाला कित्येकदा. प्रत्येक झटका सीव्ही जॉइंट (एक्सलचा वळणारा सांधा), एक्सल आणि गिअरबॉक्सच्या आतल्या डिफरेन्शियलला (दोन्ही चाकांना टॉर्क वाटणाऱ्या गियरच्या संचाला) बसतो. मोडलेल्या एक्सलचं खापर लोक पॉवरवर फोडतात. तोडणारा असतो हा हातोडा. पहिला उपाय स्वस्त आहे: खालच्या डॉगबोन माउंटमध्ये (इंजिनाचं डोलणं धरून ठेवणाऱ्या दांडीमध्ये) कडक पॉलियुरेथेनचा इन्सर्ट आणि लोअर आर्मचे चांगले बुश. आयडलिंगला केबिनमध्ये थोडी थरथर वाढेल, ते ग्राहकाला आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन दारात उभा.

मग डिफरेन्शियल. साधं ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे एक चाक वाळूवर किंवा पावसात पांढऱ्या पट्ट्यावर गेलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी मिळतो. कंपन्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ही उणीव भरून काढतात. चालतं, पण डिस्क तापतात. हेलिकल लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क वळवतं. फक्त दुसरं चाक पूर्ण हवेत गेलं तर साधं हेलिकल हात टेकतं. २०२० मध्ये स्कोडाने भारतात आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या, त्यांत इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप कंपनीतूनच होतं. ती चालवायला मिळाली तर सोडू नका. पॉवरचे आकडे जवळजवळ तेच, पण वळणातून बाहेर पडताना फरक हाताला कळतो.

टायरबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. अठरा इंची रिम दिसायला छान, पण सुटताना उंच साइडवॉलचा सोळा किंवा सतरा इंची टायर बरा. तो थोडा दबतो आणि झटका गिळतो. रुंदीआधी रबराचं कंपाउंड बघा. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. खोल नक्षी असूनही जुना टायर कडक झालेला असतो.

हे सगळं झाल्यावर लॅपटॉप उघडा. चांगला मॅप म्हणजे टॉर्क कुठे द्यायचा नाही ते ठरवणं. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आवरता, टॉर्कची चढण हळू ठेवायची. गिअरबॉक्सची मर्यादा पाठ असू द्या: जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला ड्राय क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, त्याला त्याच्या वर नेऊन कोणाचंच भलं झालेलं नाही. लॉगमध्ये (गाडी चालताना नोंदवलेल्या आकड्यांत) आधी इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे खेचलं जातंय ते बघा, मग आत येणाऱ्या हवेचं तापमान. जानेवारीत पहाटे केलेला मॅप एप्रिलच्या दुपारी तसा चालत नाही. इंधनाचंही तेच. १०० ऑक्टेनवर कडक मॅप केला आणि गाडी गणपतीला कोकणात गेली, तर तिथल्या पंपावर साधंच पेट्रोल मिळेल. त्या गाडीला दुसरा, सौम्य मॅप द्यायलाच हवा. डायनोच्या (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर फार भाळू नका. तिथे गाडी पट्ट्यांनी आवळून बांधलेली असते, पकडीचा प्रश्नच येत नाही.

कायदा नवख्यांना कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर क्लेममध्ये आडवा येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून द्यायला सांगणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. गाडी खेचून बघायची असेल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही सरळ रेषेतल्या वेगाची शर्यत भरत आलेली आहे. रात्रीचा एक्सप्रेसवे ही त्याची जागा नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर आयटीआयचा मोटर मेकॅनिक कोर्स केलेली पोरं हाताने पुढे असतात, इंजिनिअर आकड्यांनी. कॉलेजात असाल तर बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधण्याच्या स्पर्धांच्या टीममध्ये घुसा. डेटा लॉगिंग आणि वेल्डिंग दोन्ही तिथे फुकट शिकता येतं. मॅपिंगच आवडत असेल तर पुण्यात वाहन कंपन्यांकडे इंजिन कॅलिब्रेशनच्या नोकऱ्या आहेत. काम तेच, पण नियमात राहून आणि महिन्याला पगार. गॅरेजमध्ये आलात तर सुरुवातीला कोणी लॅपटॉपला हात लावू देणार नाही. चाकं काढणं, लावणं, एक्सल उतरवणं हेच वाट्याला येईल. पहिल्या पगारातून स्वतःचा टॉर्क रेंच घ्या. हबमधला एक्सलचा बोल्ट ताणून बसणारा असेल तर एकदा काढला की नवाच लावायचा, आणि जुना ग्राहकाला दाखवून नवा बिलात लिहायचा.