अवयवदानाचं घरात कसं बोलायचं

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांशेजारी बसून अवयवदानाबद्दल विचारणं हे माझं काम. वैद्यकीय समाजसेविका म्हणतात आम्हाला. तिथे एक वाक्य हटकून कानावर येतं, ‘ताई, आमच्यात चालत नाही.’ या ‘आमच्यात’मागे कधी खरंच धर्मशास्त्र असतं, बरेचदा नुसती धास्ती असते. कुठलं काय, हे सगळे धडधाकट असताना घरीच बोलून घ्यावं. कारण तुम्ही दात्याचं कार्ड भरून पाकिटात ठेवलंत, तरी ऐनवेळी सही जवळच्या नातेवाइकाची घेतली जाते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा. डोळे घरी मृत्यू झाला तरी देता येतात, सहा तासांच्या आत. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काही आड येत नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं तसं नाही. त्यासाठी माणूस रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर आणि ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, असावा लागतो. १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ ते ठरवतं आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात. कोमा म्हणजे ब्रेन डेड नव्हे. हे आधीच कळलेलं असलं की निम्मा वाद उरत नाही.

आता धर्म. हिंदू घरात आत्याबाई म्हणतात, ‘डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा येईल.’ यावर लगेच दधीची ऋषींना मैदानात उतरवू नका. कीर्तनं त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त ऐकलीत. (‘मरावे परी अवयवरूपी उरावे’ हे आमच्या भिंतीवरचं पोस्टरही त्या क्षणी कुणी वाचत नाही.) विचारा, ‘आत्या, नक्की कशाची काळजी वाटते?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, चेहरा विद्रूप दिसेल, अग्नी द्यायला उशीर होईल. त्याला उत्तर देता येतं. पापण्या मिटल्या की फरक दिसत नाही, आणि घरी येऊन डोळे घ्यायला साधारण वीस मिनिटं लागतात.

मुस्लिम कुटुंबात ‘इस्लामला मान्य आहे’ असं बाहेरच्याने ठोकून देऊ नये. जगातल्या मुस्लिम देशांच्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८८ साली जेद्दाहला अवयवदान जायज ठरवलं: संमती हवी आणि विक्री नको. पण देवबंदी (देवबंदच्या मदरशाला मानणाऱ्या) परंपरेतल्या अनेक मुफ्तींचा, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्यांचा, विरोध आहे. शरीर ही अल्लाची अमानत (ठेव), ती दुसऱ्याला देण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. हा खरा शास्त्रातला मतभेद आहे, गैरसमज नव्हे. म्हणून त्यांच्याच मशिदीच्या मौलानांना विचारू द्या आणि ‘नाही’ आलं तर विषय तिथेच सोडा. ‘हो’ आलं, तर दफनविधी किती लांबेल ते लपवू नका. अपघाताची केस असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमही असतं, तेही सांगा. जनाजाची वेळ ठरवून बसलेल्या माणसांना दर तासाला ‘अजून थोडंच’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

वसईकडच्या कॅथलिक घरांत धर्माची अडचण फारशी येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर अवयवदानाचं कौतुक केलं होतं. मात्र मृत्यूची खात्री काटेकोरपणे झालेली हवी, हेही बजावलं होतं. त्यामुळे इथे प्रश्न येतो तो, ‘नक्की गेलाय ना?’ अशा वेळी समजूत घालत बसू नका. दोन्ही तपासण्यांच्या वेळा विचारा, अहवाल समजावून घ्या. तो तुमचा हक्कच आहे.

जैन घरांतून नेत्रपेढीला बरेचदा आपणहून फोन येतो. बौद्ध जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, शिबी राजा स्वतःचे डोळे देतो, आणि बौद्धबहुल श्रीलंकेतली, १९६१ साली सुरू झालेली नेत्रदान संस्था १९६४पासून परदेशांत बुबुळं पाठवत आली आहे. तरीही आपल्याकडच्या बौद्ध वस्तीत एखादी मावशी अडून बसते. तिथे आत्याबाईंचंच सूत्र लावा, कारण भीती तीच असते.

घरी विषय काढताना ‘मी मेल्यावर’ने सुरुवात केलीत तर आई उठून स्वयंपाकघरात जाईल. ‘माझी इच्छा सांगून ठेवतोय, तुमचीही सांगा’ म्हणा. आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्या काकांना त्याच वेळी समोर बसवा. सही बायकोची असली तरी मान त्यांची हलावी लागते.

नेत्रदान ठरलेलं असेल तर मृत्यूनंतर पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. नेत्रपेढीला लगेच फोन करा आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवा.