बांधाचा वाद शेजाऱ्यासोबत बसून कसा मिटवायचा

आपल्या कोल्हापूर भागात ऊस तुटून गेला की बांध उघडा पडतो आणि मग सुरू, ट्रॅक्टरवाल्यानं बांध कोरला, तुझी सरी माझ्यात आली वगैरे. पण बोलणी करायची वेळपण हीच, उभ्या उसातनं मोजणी धड होत नाही आणि एकदा लावण झाली की कोण ऐकतंय. म्हणून साधारण मे संपायच्या आत उरका.

आधी भांडण केवढ्याचं आहे ते काढा. 300 फुटाचा बांध एक फूट सरकला तर 300 चौरस फूट गेले, गुंठा 1089 चा, म्हणजे पाव गुंठ्याच्या जरा वर. हा आकडा ऐकून बरेच जण गार होतात. जे होत नाहीत त्यांचं दुखणं जमिनीचं नसतंय, जुनं काहीतरी असतंय!

मग दोघांचे सातबारे आणि गटाचा नकाशा काढा. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते, त्यामुळं नुसता सातबारा नाचवून काही होत नाही. जुन्या मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, घरात असेल तर शोधा, नसेल तर भूमी अभिलेख ऑफिसला मोजणीचा अर्ज टाका. फी निम्मी निम्मी घाला, कारण एकट्यानं भरली की दुसरा म्हणणार सर्व्हेअर तुझाच. मोजणीला दोघंही हजर पाहिजेत.

खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड पुरा, चुन्याची फक्की पहिल्या वळवाला जाते. पंचगंगेकाठी शेत असेल तर अजून खोल पुरा, 2019 आणि 2021 चा पूर आठवतोय ना. प्रत्येक दगडापासून विहीर नाहीतर लाईटचा खांब किती फुटावर आहे ते टेपनं मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा.

शेवटी कागद करा, त्यावर सातबाऱ्याला नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, बहिणींच्यासुद्धा. आणि त्यात फक्त 'हद्द इथं आहे' एवढंच लिहा. 'ही पट्टी तुला दिली' असं स्टॅम्पवर लिहून नोटरी केली तरी जमीन नावावर होत नाही, त्याला रजिस्टर दस्त लागतो, वर तुकडेबंदी, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे करून द्यायला बंदी करणारा कायदा, आडवा येतो. एकमेकांची जमीन 12 वर्षं उलटी कसताय असं असेल तर 2023 ला आलेली सलोखा योजना अजून चालू आहे का ते तलाठ्याला विचारा, त्यात अशा अदलाबदलीच्या दस्ताला स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी हजार-हजारच ठेवली होती.

बांधावरचा आंबा आणि बांधाखालनं गेलेली पाइपलाइन कुणाची, तेपण त्याच कागदावर घाला.